लुगांडात पुस्तक काढायचे असेल तर आधी खरेदीदार शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्यातले छोटे प्रकाशक आहेत. युगांडाच्या राजधानीत, कंपालात राहणाऱ्या एका स्नेह्याबरोबर तिथल्या लुगांडा भाषेत मुलांची चित्रपुस्तके काढावीत, असे त्यांच्या मनात आहे. आफ्रिकेतल्या देशी भाषांना वाचक खरोखर आहेत का, असतील तर तिथल्या दुकानांत इंग्रजीच पुस्तके का दिसतात, आणि छपाई भारतात करून तिकडे पाठवणे परवडेल का, असे त्यांनी विचारले आहे. मी पुस्तकनिर्मितीत बरीच वर्षे काढली आहेत आणि पूर्व आफ्रिकेतल्या प्रकाशकांसाठी वाचनमाला व बालपुस्तके मांडणीपासून छपाईपर्यंत करत आले आहे. जे पाहिले आणि जे अभ्यासले त्यावरून लिहिते.

वाचक आहेत. हे आधी ठामपणे सांगते, कारण 'तिकडे वाचनसंस्कृतीच नाही' हे वाक्य मी परिषदांमध्ये इतक्यांदा ऐकले आहे की आता त्याचा राग येतो.

केनियाचे उदाहरण घ्या. १९७७ मध्ये लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी कामिरिथू या गावी शेतकरी आणि कामगारांना घेऊन गिकुयू भाषेत नाटक बसवले. सरकारने ते बंद पाडले आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यांना अटक केली. त्याआधीच्या त्यांच्या कादंबऱ्या इंग्रजीत होत्या, त्या शाळा-विद्यापीठांत शिकवल्या जात होत्या, आणि त्यांच्यामुळे असा प्रसंग आला नव्हता. कामिटी तुरुंगात त्यांनी टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली. ती १९८० मध्ये हायनेमन या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेच्या नैरोबी शाखेचे प्रमुख हेन्री चकावा यांनी छापली. प्रकाशक म्हणून चकावांची अडचण समजून घ्या. ज्यांच्याकडे पुस्तक घ्यायला पैसे होते तो वर्ग इंग्रजी वाचणारा होता, आणि जे फक्त गिकुयू वाचत त्यांच्या खिशात पैसे नव्हते. त्यात लेखक नुकताच तुरुंगातून सुटलेला. चकावांना धमक्या आल्या, त्यांच्यावर हल्ला झाला, बोटाला जबर दुखापत झाली, तरी त्यांनी ५,००० प्रतींची आवृत्ती काढली. वर्ष संपेपर्यंत १५,००० प्रती छापाव्या लागल्या.

त्या प्रती कशा वाचल्या गेल्या, हे आपल्या धंद्याच्या दृष्टीने आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे. कुटुंबातले एखादे शिकलेले मूल संध्याकाळी सगळ्यांना वाचून दाखवी. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कोणी वाची आणि बाकीचे ऐकत. बारमध्ये वाचणारा रंगात आलेल्या जागी थांबे, आणि ऐकणारे त्याचा रिकामा पेला भरून देत, मग पुढचे पान. म्हणजे एका विक्रीमागे कितीतरी वाचक होते आणि ते कोणत्याही हिशेबाच्या वहीत आले नाहीत. आफ्रिकन भाषांतल्या पुस्तकांच्या विक्रीचे आकडे वाचताना हे कायम लक्षात ठेवा. तुमच्या चित्रपुस्तकांनाही हेच लागू आहे: ती एका मुलासाठी नसून वर्गासाठी, चटईभोवती बसलेल्या घरासाठी असतील. वाक्य मोठ्याने म्हणून बघा आणि अडखळले तर बदला. अक्षर दुसऱ्या ओळीतल्या मुलाला दिसेल एवढे ठेवा.

दुसरे उदाहरण उत्तर नायजेरियातल्या कानो शहराचे, आणि ते मला सर्वांत जास्त शिकवून गेले. १९८०च्या दशकापासून तिथे हौसा भाषेत प्रेम आणि संसाराच्या कादंबऱ्यांचा पूर आला. पातळ पुस्तिका, दोन-तीन भागांत तोडलेली कथा, भडक मुखपृष्ठ, छोट्या छापखान्यातली छपाई आणि विक्री थेट बाजारातल्या गाळ्यांवर. लेखिका मोठ्या संख्येने, वाचकांमध्येही बायका आणि मुलीच जास्त. कोणा परदेशी संस्थेचा पैसा नव्हता आणि पाठ्यक्रमाची शिफारसही नव्हती. लेखिका स्वतःच्या किंवा लेखकसंघाच्या पैशांनी छापत, घाऊक विक्रेता माल उचलत असे, आणि पहिला भाग खपला की दुसऱ्याचे पैसे सुटत. बालविवाह, सवत, तलाक हे त्यांचे विषय. बलाराबा रामत याकुबू या त्यांतल्या नामवंत लेखिका. त्यांच्या एका कादंबरीचे इंग्रजी भाषांतर २०१२ मध्ये आपल्या चेन्नईच्या ब्लाफ्ट या प्रकाशनाने काढले. या पुस्तकांवर टीकाही खूप झाली, हिंदी सिनेमाची नक्कल म्हणून, मुलींना बिघडवणारी म्हणून. २००७ मध्ये तर कानो राज्याच्या गव्हर्नरांनी मुलींच्या शाळेत या पुस्तकांची जाहीर होळी केली. मला वाटते, आफ्रिकन भाषांच्या प्रकाशनाची चर्चा करणारे विद्वान कानोकडे नाक मुरडून बघतात आणि तिथेच चुकतात. लेखक, छापखाना, घाऊकवाला, गाळा आणि वाचक ही पूर्ण साखळी स्वतःच्या बळावर उभी राहिलेली इतकी ठळक उदाहरणे फार नाहीत.

लुगांडापुरते सांगायचे तर 'बुकेड्डे' हे लुगांडा दैनिक १९९४ पासून चालू आहे आणि युगांडातल्या सर्वाधिक खपाच्या वृत्तपत्रांत त्याची गणना होते. रोज पैसे मोजून लुगांडा वाचणारी माणसे कंपालात आहेत. तुमच्या स्नेह्यांना सांगा, पुस्तकांच्या दुकानात चौकशी करण्याआधी हे वृत्तपत्र विकणाऱ्यांशी बोला.

मग दुकानांत इंग्रजीच का? कारण प्रकाशकाचे पैसे दुकानातून येत नाहीत, ते शाळेतून येतात. महाराष्ट्रात १९६७ पासून पाठ्यपुस्तके बालभारतीकडे आहेत. त्यामुळे मराठी खासगी प्रकाशक कथा-कादंबऱ्या, ग्रंथालये, प्रदर्शने यांवर जगायला शिकले. केनिया, युगांडा, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका इथे गणित उलटे आहे. खासगी प्रकाशक पाठ्यपुस्तकांवर जगतो आणि इतर पुस्तके जमली तर काढतो. शाळेची भाषा ज्या इयत्तेत बदलते, तिथे त्याच्या त्या भाषेतल्या यादीचाही शेवट होतो. युगांडात २००७ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात पहिली ते तिसरी स्थानिक भाषेत आणि चौथीपासून इंग्रजीकडे, असे धोरण आहे. कंपालातल्या बऱ्याच शाळा तर पहिल्या दिवसापासून इंग्रजीच चालवतात. म्हणजे लुगांडाचा शालेय बाजार आठ-नऊ वर्षांच्या मुलाशी संपतो. पालकांना यासाठी दोष देऊ नका. परीक्षा इंग्रजीत आहे, नोकरीची मुलाखत इंग्रजीत आहे, आणि त्यांच्याकडे एकाच पुस्तकापुरते पैसे आहेत.

यामागे जुना इतिहास आहे, तो माहीत असलेला बरा. आफ्रिकेतली सुरुवातीची छपाई बहुतेक मिशनांनी आणली आणि काय छापायचे तेही मिशनांनीच ठरवले. लेसोथोमध्ये मोरिजा इथे फ्रेंच प्रॉटेस्टंट मिशनचा छापखाना होता. तिथले लेखक थॉमस मोफोलो यांची सेसोथो भाषेतली पहिली कादंबरी १९०७ मध्ये तिथूनच पुस्तकरूपात निघाली, कारण ती ख्रिस्ती श्रद्धेला धरून होती. झुलू राजा चाका याच्यावरची त्यांची मोठी कादंबरी १९१०च्या आसपास लिहून तयार होती. तिच्यातल्या जुन्या चालीरीती आणि जादूटोणा मिशनऱ्यांना खटकला आणि पुस्तक यायला १९२५ साल उजाडले. तोवर मोफोलोंनी लेखन जवळजवळ सोडले होते. पुढे वसाहतवादी सरकारांनी देशी भाषांत पुस्तके काढायला लिटरेचर ब्यूरो काढले. पूर्व आफ्रिकेचा ब्यूरो १९४८ चा. त्याने स्वाहिली, लुगांडा, गिकुयू, लुओ अशा भाषांत खूप काम केले, पण १९७७ मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानियाचा पूर्व आफ्रिकी समुदाय मोडला तेव्हा हा ब्यूरोही गेला. वर्णभेदाच्या काळातल्या दक्षिण आफ्रिकेत सरकारी भाषामंडळे पुस्तके मंजूर करत. शाळेत लागणारे पुस्तकच खपणार आणि मंडळाला चालणारेच शाळेत लागणार. त्यामुळे झुलू किंवा कोसामध्ये लिहिणाऱ्या गुणी लेखकांनाही राजकारण टाळून, प्रौढ आयुष्य टाळून, शाळकरी मुलांपुरते लिहावे लागले. मोठ्यांसाठी लिहिलेच गेले नाही, तर मोठ्यांना त्या भाषेत वाचायची सवय लागणार कशी?

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, आणि बाकीचे सगळे त्याच्या आधाराने आहे: पहिला खरेदीदार कोण, हे ठरवल्याशिवाय लेखक शोधू नका. जो पहिल्यांदा पैसे देतो तो भाषेचे साहित्य घडवतो. मिशनने दिले तेव्हा तसे झाले, शाळेने दिले तेव्हा तसे, कानोतल्या बायकांनी दिले तेव्हा तसे. लेखक मिळतात. चित्रकार मिळतात, कंपालात उत्तम मिळतात. खरेदीदार नसला की सुंदर पुस्तकांचे गठ्ठे गोदामात पडून राहतात. देणगीतून निघालेल्या, उद्घाटनाला वाटल्या गेलेल्या आणि पुन्हा कधी न छापलेल्या अशा पुस्तकांच्या निर्मितीत मी सहभागी होते. दुसरी आवृत्ती निघत नाही तोवर भाषेत पुस्तक आले असे मी मानत नाही.

खरेदीची उत्तम रचना मी अभ्यासली ती टांझानियाची. तिथे १९९१ मध्ये चिल्ड्रन्स बुक प्रोजेक्ट सुरू झाला. कल्पना साधी होती: स्थानिक प्रकाशकाने स्वाहिलीत बालपुस्तक काढायचे, ५,००० प्रती छापायच्या, त्यांतल्या ३,००० प्रकल्प विकत घेऊन शाळांच्या वाचनालयांना देणार, उरलेल्या प्रकाशकाने बाजारात विकायच्या. पैसा छपाईसाठी दिला नाही, पुस्तक विकत घेण्यासाठी दिला, यातच सगळे आले. खर्च निघणार हे नक्की असल्याने प्रकाशक धाडस करू शकला, आणि प्रती पसंतीला उतरायच्या असल्याने दर्जाही सांभाळावा लागला. लेखक, संपादक, चित्रकार यांचे प्रशिक्षणही याच प्रकल्पातून झाले. धोका एकच: उरलेल्या २,००० विकायची घाई प्रकाशकाला राहत नाही. तुम्ही अशी हमी कोणाकडून मिळवलीत, मग ती शाळांची साखळी असो वा एखादी संस्था, तर उरलेल्या प्रतींसाठी विक्रेता पहिल्या दिवसापासून नेमा.

आता लिपी आणि लेखनपद्धती. या बाबतीत बाहेरून येणारे लोक फार बेफिकीर असतात. 'रोमन लिपी आहे, काय अवघड?' असे म्हणतात. गिकुयूत 'इ' आणि 'उ' या स्वरांवर लाटेसारखी खूण येते. ती गळली की स्वर वेगळा, शब्द वेगळा. योरुबात अक्षराखाली टिंब आणि डोक्यावर सुरांच्या खुणा असतात. टिंब आणि खूण एकाच अक्षरावर आली की अनेक फॉन्टमध्ये खूण बाजूला सरकते किंवा शेजारच्या अक्षरावर बसते. हौसात हुकासारखी आकडी असलेली अक्षरे आहेत, आणि बाजारातल्या पुस्तिकांत ती बहुधा साध्या अक्षरांनी भागवली जातात. लुगांडात 'ङ'चा उच्चार दाखवणारे शेपटीचे अक्षर आहे. शिवाय दोन शब्द जोडताना स्वर गळून तिथे वरचा स्वल्पविराम येतो, आणि तो ओळीओळीला येतो. मांडणीचे सॉफ्टवेअर कधी त्याचे उलटे अवतरणचिन्ह करते, कधी तिथेच ओळ तोडते. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना आपली जी दैना होते, तीच जुन्या आफ्रिकन फायलींची होते. काम हाती घ्यायच्या आधी फॉन्टची चाचणी म्हणून भाषेतली सगळी अक्षरे, सगळ्या खुणांच्या जोड्या छापून बघा. पडद्यावर दिसते तसे कागदावर येईलच असे धरू नका.

लेखनपद्धती हा याहून नाजूक विषय आहे. एकच सेसोथो भाषा लेसोथोत एका पद्धतीने आणि सीमेपलीकडे दक्षिण आफ्रिकेत दुसऱ्या पद्धतीने लिहितात. एकीकडचे पुस्तक दुसरीकडच्या मुलाला चुकांनी भरलेले वाटते. हौसाचे एक अक्षर नायजर आणि नायजेरियात वेगवेगळे लिहितात. नायजेरियातल्या इग्बो भाषेतल्या बायबलच्या १९१३च्या भाषांतरात अनेक बोलींची मोट बांधून एक 'संयुक्त' इग्बो तयार केले गेले, आणि कादंबरीकार चिनुआ अचेबे यांना ते आयुष्यभर खटकले, कारण तशी भाषा कोणीच बोलत नव्हते. सेनेगलमध्ये तर दिग्दर्शक उस्मान सेम्बेन यांचा एक चित्रपट नावातल्या एका अक्षराच्या द्वित्वावरून अडवला गेला. राष्ट्राध्यक्ष सेंघोर स्वतः कवी आणि भाषेचे जाणकार, आणि तिथल्या वोलोफ भाषेच्या सरकारी शुद्धलेखनाप्रमाणे ते अक्षर एकदाच हवे, असा त्यांचा आग्रह होता. यामागे अर्थातच राजकारणही होते. पण शुद्धलेखन या समाजांत किती मनाला लागते, हे यातून कळेल. तुमच्या पुस्तकाला लुगांडाचा जन्मजात भाषक संपादक हवा, आणि मुद्रितशोधनाला त्याहून वेगळा माणूस हवा. दोन्ही कामांचे पैसे चित्रकाराइतकेच द्या. स्नेह्यांच्या ओळखीतल्या शिक्षिकेकडून फुकट तपासून घेऊ, हा विचार मनातून काढा.

शब्दांच्या लांबीचाही प्रश्न आहे. झुलू भाषेत कर्ता, कर्म, काळ सगळे एका शब्दात जोडून लिहितात, तर सेत्स्वानात तेच तुकडे सुटे लिहितात. अर्थ आणि व्याकरण जवळपास तेच, पण एका भाषेत पानावर चार शब्द आणि दुसरीत दहा. म्हणून 'पहिली पातळी म्हणजे पानाला अमुक शब्द' हे इंग्रजीतले माप उचलून लावले की लहान मुलांची पुस्तके बिघडतात. लुगांडातही क्रियापदे लांब होतात. पातळी ठरवताना शब्द मोजू नका, शब्दांतले उच्चाराचे तुकडे आणि ओळी मोजा.

छपाईबद्दल. होय, पूर्व आफ्रिकेतली भरपूर शालेय पुस्तके भारतात छापली जातात. मोठ्या आवृत्तीला आणि रंगीत कामाला इथे दर चांगला पडतो. पण मोंबासा बंदरात माल उतरल्यावर कंपाला आणखी हजार किलोमीटरहून जास्त दूर आहे, आणि तो सगळा रस्त्याचा खर्च, सीमेवरचा वेळ, कागदपत्रे तुमच्या हिशेबात धरावी लागतात. १,००० प्रतींसाठी हे करू नका. तेवढ्या कंपालातच छापा. दर जास्त पडेल, पण शाळेने अचानक दोनशे प्रती मागितल्या तर त्या देता येतील. शाळेचे सत्र सुरू झाल्यावर बंदरात अडकलेला माल पुढच्या वर्षापर्यंत निरुपयोगी असतो.

भारतात छापायचे असेल तर एकाच वेळी अनेक भाषांची आवृत्ती करा. चित्रपुस्तकात छपाईच्या चार रंगांपैकी तीन रंगांच्या प्लेट सगळ्या भाषांना सामाईक ठेवता येतात, मजकुराची फक्त काळी प्लेट बदलायची. लुगांडाबरोबर युगांडातल्याच लुसोगा, रुन्यानकोले, अचोली या भाषांच्या प्रती त्याच छपाईत निघतात आणि ज्या भाषेला एकटीने आवृत्ती परवडली नसती तिलाही पुस्तक मिळते. यासाठी तीन पथ्ये पाळायची: मजकूर निव्वळ काळ्या शाईतच ठेवायचा, चित्रावर पांढरी अक्षरे काढायची नाहीत, आणि जागा सर्वांत लांब पसरणाऱ्या भाषेच्या मापाने सोडायची. चित्रकाराला हे काम सुरू होण्याआधीच सांगा. बांधणी मध्ये पिन मारून, १६ किंवा २४ पानांची. चिकटवलेली बांधणी वर्गात महिनाभर टिकत नाही.

फारसे पैसे न घालता चाचणी घेण्याची एक चांगली सोय आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या साइडे या संस्थेने २०१४ मध्ये आफ्रिकन स्टोरीबुक हे संकेतस्थळ सुरू केले. शंभराहून अधिक आफ्रिकन भाषांतल्या छोट्या गोष्टी तिथे मुक्त परवान्यावर आहेत, कोणीही छापू शकतो, बदलू शकतो, भाषांतर करू शकतो. युगांडातल्या भाषांतही तिथे गोष्टी आहेत. आपल्या प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळाची रचनाही अशीच आहे, आणि त्या आफ्रिकन गोष्टींपैकी कित्येक तिथेही आल्या आहेत. तिथल्या काही लुगांडा गोष्टी घ्या, शंभर-शंभर प्रती काळ्या-पांढऱ्या छापा, तीन-चार शाळांत द्या आणि कोणती पुस्तके फाटेपर्यंत हाताळली जातात ते बघा.

भाषांतरापेक्षा मूळ लुगांडात लिहून घ्या, हेही सांगते. मराठी पुस्तकाचे इंग्रजी आणि त्या इंग्रजीवरून लुगांडा करायचा मोह होईल, कारण तुमच्याकडे चित्रे तयार आहेत. तो टाळा. या खंडात उलटा प्रवास फार झाला आहे. युगांडाचे कवी ओकोट प'बिटेक यांचे प्रसिद्ध दीर्घकाव्य अचोलीत रचलेले, पण इंग्रजी रूप १९६६ मध्ये आधी छापले गेले आणि अचोली १९६९ मध्ये. झांझिबारमध्ये जन्मलेले, स्वाहिली मातृभाषा असलेले अब्दुलरझाक गुर्ना यांची कादंबरी त्यांच्या भाषेत पुस्तकरूपाने आली ती २०२१च्या नोबेलनंतर, २०२२ मध्ये, दार एस सलामच्या म्कुकी ना न्योता या प्रकाशनाकडून. ज्या मुलांसाठी तुम्ही पुस्तक काढणार आहात त्यांना पहिला मान मिळू द्या.

तेव्हा क्रम असा धरा. स्नेह्यांनी पुढच्या सत्राआधी कंपाला आणि आसपासच्या अशा शाळा शोधाव्यात जिथे पहिली ते तिसरी खरोखर लुगांडात शिकवतात. मसाका, म्पिगी, लुवेरो या भागांत त्या मिळण्याची शक्यता शहरापेक्षा जास्त आहे. मुख्याध्यापकांना दर वर्षी पूरक वाचनासाठी किती रक्कम असते ते विचारावे, आणि पुस्तकाची किंमत त्या रकमेवरून मागे येत ठरवावी. लेखी मागणी मिळाली की लेखकाकडे जा. युगांडातल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम विकास केंद्राची मान्यता लागते का, हे त्याच वेळी विचारून घ्या. पूरक पुस्तकांची वाट पाठ्यपुस्तकांहून वेगळी असते. हिशेब कागदावर मांडून झाला की मला पाठवा, फॉन्टची चाचणी आणि प्लेटची आखणी मी करून देईन.